रुपयातले तेरा पैसे

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षं मीही घेतलं नाही, ‘अहो’ आणि ‘हे’ एवढ्यावर संसार केला. पण यंदाच्या उन्हाळ्यात यांनी जे करून ठेवलं त्यानंतर मी भुईगावच्या भर बाजारात नाव घेऊन सांगते, नरहरी. माझा नवरा नरहरी. वय अडुसष्ट, गुडघे दोन, दोन्ही दुखरे, आणि डोकं एक, तेही टीव्हीला भाड्याने दिलेलं.

गोष्ट माझ्या बावीस सोनचाफ्यांची आहे. ते जगतात की मरतात, एवढाच खरा प्रश्न होता. बाकी सगळं मध्ये घुसवलं ते या दोन म्हाताऱ्यांनी.

दुसरा म्हातारा म्हणजे शेजारचे बॅप्टिस्टभाऊ. हे बँकेत कॅशियर होते, बॅप्टिस्टभाऊ शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे देशाचा पैसा कुठे जातो याची काळजी दोघांना सारखीच. दर एक फेब्रुवारीला बॅप्टिस्टभाऊ आमच्याकडे बजेट बघायला येतात. त्यांचा टीव्ही आमच्याहून मोठा आहे, पण बजेट आमच्याकडेच बघायचं हा रिवाज. मी कांदाभजी करते, त्यांची बायको मटिल्डा नारळाचा केक आणते, आणि हे दोघं अर्थमंत्र्यांना सूचना करतात. अर्थमंत्री ऐकत नाहीत.

यंदा टीव्हीवाला म्हणाला, सरकारी खर्चाच्या रुपयातले तेरा पैसे संरक्षणाला. यांनी हातातलं भजं खाली ठेवलं.

“फक्त तेरा?”

बॅप्टिस्टभाऊंनीही भजं खाली ठेवलं. “तेरा! एवढे?”

झालं. भजी गार झाली.

“पंचवीस तरी हवेत,” हे म्हणाले. “चारी बाजूंनी शत्रू बसलेत.”

“तेरा पैशांत किती शाळांची छपरं होतात, ठाऊक आहे?”

“छपराखालची पोरं पळवून नेली तर छप्पर काय चाटायचंय?”

असं तासभर चाललं. मटिल्डा आणि मी केक खाऊन घेतला. शेवटी बॅप्टिस्टभाऊ उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “अरे नरहरी, तुझ्या स्वतःच्या वाडीला कुंपण आहे का? मेंदीची चार झुडपं! त्यातून माझी बायको येते, माझा कुत्रा येतो, मी येतो. तू स्वतः दमडी खर्च करत नाहीस आणि देशाकडे पंचवीस पैसे मागतोस?”

बोलले ते खरं होतं, हीच पंचाईत. खोटं बोलले असते तर हे विसरून गेले असते.

आता आमच्या दोन वाड्या कशा आहेत ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मधोमध मेंदीची रांग, रांगेत एक खिंडार, आणि खिंडारातच विहीर. ती दोन्ही घरच्या आजोबांनी मिळून खणली. विहिरीला एकच पंप, तो लोखंडी पेटीत कुलूपबंद. शेजारी भेंडीचं झाड आहे, त्याला एक खिळा, आणि खिळ्याला पेटीची किल्ली. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाणी आमचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं. रविवारी ते चर्चमध्ये मिस्साला जातात म्हणून विहिरीलाही सुट्टी. ज्याची पाळी त्याने खिळ्यावरची किल्ली घ्यायची, पंप लावायचा आणि किल्ली परत खिळ्याला अडकवायची. कोणाच्याही घरात न्यायची नाही. किल्ली घरात गेली की मालकी सुरू होते, असं माझे सासरे म्हणायचे. दुसरी किल्ली कोणी कधी केली नाही.

आणि सोनचाफे माझे. वाडीतली केळी, नारळ यांचे, पण फुलांचा पैसा माझा, हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ठरलं होतं. पहिलं कलम मटिल्डाने दिलं, तिच्या दारातल्या झाडाचं. ते खिंडाराजवळ लावलं आणि त्यावरून बावीस केली. रोज पहाटे कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या, दादरच्या फूलबाजाराला जाणाऱ्या टेम्पोत द्यायच्या. केयूरचं शिक्षण त्या फुलांवर झालं. ज्या टीव्हीवर हे बजेट बघतात तोही माझ्या सोनचाफ्याचाच. पण आमच्याकडची जमीन रेताड. उन्हाळ्यात दोन पाळ्या चुकल्या की झाड मान टाकतं.

दोन फेब्रुवारीला यांनी घरचं बजेट मांडलं. देवघरातलं लाल फडकं काढून त्यात वही गुंडाळली आणि जेवायच्या वेळी उभे राहिले. मी वरणाचं पातेलं घेऊन बसलेय आणि हे भाषण करतायत. वाडीच्या उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयातले तेरा पैसे संरक्षणाला, वर्षभर हप्त्याने.

“कोणापासून संरक्षण?” मी विचारलं.

“तो तपशील गोपनीय असतो,” हे म्हणाले.

तार आणली केयूरने. आमचा केयूर आणि बॅप्टिस्टभाऊंचा जेन्सन, दोघांची भागीदारी आहे, वालीवला ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप. लोखंडी खांब आले, काटेरी तार आली. हद्दीवर घातली तर बॅप्टिस्ट म्हणेल आत घुसलास, म्हणून यांनी हिशेबाने दोन पावलं मागे खांब रोवले. सहा फूट उंच. मधली मेंदी तोडायला लागली नाही याचं यांना केवढं कौतुक! दोन पावलं मागे घेतल्यामुळे केळीच्या आठ गड्ड्या मात्र उपटाव्या लागल्या.

तिकडे बॅप्टिस्टभाऊ संध्याकाळी ओट्यावर उभे राहून मोठ्याने म्हणाले, “मी शांततेचा माणूस आहे. मला कुंपण पटत नाही. पण समोरच्याने घातलं तर मी काय नागडा राहू?” आणि त्यांनीही जेन्सनकडे ऑर्डर दिली. त्यांच्या खात्याचं नाव होतं शांतता निधी. शांतता निधीतून साडेसहा फुटांची तार आली. चांगुलपणा दाखवायला त्यांनी खांब तीन पावलं मागे घेतले.

दोन्ही कुंपणांची तार एकाच दिवशी, एकाच मोटारसायकलवर आली. पुढे केयूर, मागे जेन्सन, आणि मधे दोघांच्या बापांचं भांडण गुंडाळी करून ठेवलेलं. मी म्हटलं, “अरे मेल्यांनो, एकमेकांच्या बापांना तार विकता?”

केयूर म्हणाला, “आई, आम्ही नाही विकली तर विरारवाला विकेल.”

रविवारी संध्याकाळी काम संपलं. दोन्ही कुंपणांच्या मधल्या पट्ट्यात कोणी शिरू नये म्हणून पोरांनी पट्ट्याची दोन्ही टोकंही पत्रे ठोकून बंद केली. त्याचे पैसे दोन्हीकडून घेतले.

सोमवारी सकाळी हे खांद्यावर टॉवेल टाकून पंप लावायला निघाले आणि तारेपाशी थांबले. बराच वेळ नुसते उभे. मग मला हाक मारली.

“अगं, विहीर बाहेर राहिली.”

“कोणाच्या बाहेर?”

“आपल्या.”

“मग त्यांच्या आत गेली?”

यांनी मान उंच करून बघितलं. “नाही. त्यांच्याही बाहेर आहे.”

मी जाऊन बघितलं. मधे पाच पावलांचा पट्टा, त्यात विहीर, पंप, भेंडीचं झाड, आणि खिळ्याला किल्ली. वाऱ्याने हलत होती. मला आधी हसू आलं. मग माझ्या चाफ्यांकडे लक्ष गेलं आणि हसू जिथल्या तिथे वाळलं.

साधी गोष्ट होती. कोणीही एकाने तारेला फाटक ठेवायचं. पण हे म्हणाले, आधी त्याने ठेवावं. बॅप्टिस्टभाऊ म्हणाले, सुरुवात त्याने केली, माघारही त्यानेच घ्यावी. केयूरला म्हटलं, तूच काप रे बाबा. तर म्हणतो, “मधली जागा कोणाची ते ठरल्याशिवाय कापता येणार नाही, आई. दोन्ही पार्ट्यांची सही लागेल. शिवाय वॉरंटी जाते.”

“पाण्यावाचून झाडं जातायत, तुझी वॉरंटी घाल चुलीत!” मी म्हटलं. तो आणि जेन्सन मोटारसायकलवर बसून वालीवला निघून गेले.

मग मीच आंबे काढायची आकडी घेतली. लांब बांबूची, टोकाला हूक. तारेतून सारली, अगदी खिळ्यापर्यंत पोचली, किल्लीला हूक लागलाही होता. तेवढ्यात पलीकडून असा भोंगा वाजला की माझ्या हातून आकडीच सुटली. बॅप्टिस्टभाऊंनी मधल्या दोन दिवसांत कॅमेरा बसवला होता, भोंग्यासकट.

“घुसखोरी!” बॅप्टिस्टभाऊ ओरडले. मग मला ओळखून जरा ओशाळले. “द्वारकावहिनी, तुम्ही आहात होय. पण नियम तो नियम.”

आकडी आत पडली ती पडलीच. पट्ट्यात आता विहीर, पंप, किल्ली आणि आमची आकडी असा चार वस्तूंचा देश झाला.

भोंगा वाजल्यावर आमच्याकडेही कॅमेरा येणारच होता. आला. त्यांचा कॅमेरा आमच्या चौकीवर, आमचा त्यांच्या चौकीवर. चौकी म्हणजे काय, उपटलेल्या केळींच्या जागी चार बांबू आणि वर ताडपत्री, खाली प्लास्टिकची खुर्ची. हे खुर्चीत बसून मोबाइलवर बॅप्टिस्टभाऊंना बघायचे. मोबाइलवर बॅप्टिस्टभाऊ खुर्चीत बसून मोबाइलवर यांना बघत असायचे. सकाळी सात ते संध्याकाळी सात. एकदा मी विचारलं, “काय करतोय शत्रू?” तर म्हणाले, “डोळे चोळतोय.” आणि स्वतःही डोळे चोळले.

चौकीवर चहा न्यायचा तर परवलीचा शब्द सांगावा लागे. रोज नवा. पहिल्या दिवशी ‘सिंहगड’, दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. तिसऱ्या दिवशी मी कप वर धरला आणि म्हटलं, “हवाय का ओतू?” त्या दिवसापासून तोच परवलीचा शब्द झाला.

कुत्रा तेवढा तारेखालून माती उकरून जायचा. आमच्याकडे मोत्या, त्यांच्याकडे ब्रूनो, दोन्ही घरी जेवायचा. याला हे दुहेरी हेर म्हणाले आणि साखळीने बांधायला निघाले. मी म्हटलं, त्याला हात लावलात तर आजपासून तुमचं जेवणही त्याच्याच ताटलीत. मग सोडला.

मार्च गेला. फुलं निम्म्यावर आली. नळाचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड, तेही अर्धा तास. त्यातून प्यायचं, शिजवायचं आणि उरलेलं चाफ्यांना. तांदळाचं धुवण एका झाडाला, भांड्यांचं दुसऱ्याला. आंघोळ मी परातीत बसून करायला लागले आणि परात उचलून झाडाच्या मुळाशी ओतायची. बावीस झाडं आणि बादल्या तीन. रोज सकाळी उभी राहून ठरवायचं, आज कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही. तुम्हाला सांगते, मला कोणी ठार मारलं असतं तरी चाललं असतं, पण हे ठरवणं नको. ज्याला द्यायचं नाही त्याच्याकडे बघायची नाही मी. पदराने तोंड झाकून पुढे जायची.

एप्रिलमध्ये यांनी पुन्हा लाल फडकं काढलं. पुरवणी मागण्या!

“संरक्षणाला तेरा पैसे पुरत नाहीत,” हे म्हणाले. “गेल्या महिन्यात रुपयातले एकतीस लागले. या महिन्यात चौसष्ट लागतील.”

“काय घेतलंत नवीन?”

“काहीच नाही. हप्ता तोच आहे.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हप्ता तोच होता, रुपयाच आटला होता. फुलं नाहीत, केळी सुकली, नारळ गळले. खाली काही उरलंच नाही, मग कुंपण वर येणारच. हे मी यांना सांगितलं. बँकेत तीस वर्षं नोटा मोजलेला माणूस, त्याला कळलं नसेल असं नाही. यांनी वही लाल फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, “अशा कठीण काळातच तर संरक्षण ढिलं सोडून चालत नाही.”

मी लाटणं शोधायला लागले. तेवढ्यात हे चौकीवर गेले.

पलीकडेही तेच. मटिल्डा मला मासळीवालीपाशी भेटायची, कारण वाडीत तारेपाशी उभं राहून बोललं की दोन्हीकडून भोंगे. म्हणाली, “यांच्या शांततेपायी माझा मोगरा गेला गं. तुझे चाफे?”

“तुझं पहिलं कलम सगळ्यांत आधी वाळायला लागलंय,” मी म्हटलं. “तारेला अगदी चिकटून आहे. पानं गळली.”

मटिल्डा बोंबील हातात धरून तशीच उभी राहिली. मासळीवाली म्हणाली, “बाय, घेते का ठेवते?” तेव्हा तिने ते खाली ठेवले.

मे महिन्यात नऊ झाडं गेली. एकेक करून. नववं गेलं त्या दिवशी मी यांच्याशी बोलणं सोडलं. कळ्या नव्हत्याच, त्यामुळे टेम्पोवाल्यालाही सांगून टाकलं, बाबा, येऊ नको.

आणि मग एका मंगळवारी, भर दुपारी दोन वाजता, चोर आला.

मी परातीतलं पाणी घेऊन तारेजवळच्या झाडापाशी गेले होते. बघते तर पट्ट्यात एक माणूस. चाळिशीचा, खाकी पँट, अंगात बनियन, इस्त्रीचा शर्ट नीट घडी करून विहिरीच्या काठावर ठेवलेला. हातात तार कापायची पक्कड. रस्त्याकडच्या पत्र्याला त्याने दार पाडलं होतं, आणि दोन्ही कुंपणांची तार सोडवून गुंडाळत होता. गुंडाळी इतकी नीट की मला कौतुक वाटलं. आणि आमची मोठी संरक्षण यंत्रणा? दोन्ही कॅमेरे एकमेकांकडे बघत होते. मधे काय चाललंय ते बघायला कोणीच नव्हतं. दोन्ही सेनापती खुर्च्यांत घोरत होते.

मला बघून तो दचकला. मग घाम पुसत म्हणाला, “मावशी, थोडं पाणी मिळेल का?”

“पाणी?” मी म्हटलं. “बाबा रे, तू पाण्याच्या काठावर उभा आहेस. माझ्याकडे पाणी असतं तर तू इथे कशाला आला असतास?”

त्याला काही कळलं नाही. मीच विचारलं, “काय चोरतोयस?”

“तार. खांब. जमलं तर कॅमेरे.” मग जरा अवघडून म्हणाला, “आधी वाडीत डोकावलो मावशी. पण नेण्यासारखं दुसरं काही दिसलं नाही.”

हे ऐकलं आणि मी परात ठेवली, खाली बसले. दहा गावांत माझा सोनचाफा नावाजलेला. पहाटे रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून वास घ्यायची. त्या वाडीत आता चोराला नेण्यासारखं फक्त कुंपण उरलं होतं. मला रडू आलं, आणि मी त्या परक्या माणसासमोर रडलेसुद्धा.

तो बिचारा गोंधळला. “नका ना रडू मावशी. मी अर्धीच नेतो.”

“नाव काय तुझं?”

“विलास.”

“काम काय करतोस?”

“कामणला गोदामावर वॉचमन आहे. रात्रपाळी असते, म्हणून दिवसाच येतो. पगारात भागत नाही.”

कुंपणच शेत खातं हे लहानपणापासून ऐकलं होतं. राखणदारच येऊन कुंपण खातो हे त्या दिवशी बघितलं.

आमच्या बोलण्याने हे जागे झाले. शिट्टी फुंकली. तिकडे बॅप्टिस्टभाऊ जागे झाले, भोंगा वाजला. दोघं धावत आले, म्हणजे चार दुखरे गुडघे जेवढे धावतील तेवढे.

“चोर! बघ, बघ!” हे मला म्हणाले. चार महिन्यांत यांच्या तोंडावर एवढा आनंद मी बघितला नव्हता. “म्हणे कोणापासून संरक्षण! हा बघ!”

“थांब नरहरी,” बॅप्टिस्टभाऊ पलीकडून म्हणाले. “चोर माझा आहे. माझी तार कापत होता.”

“माझी आधी कापलीय.”

“सारखीच कापलीय साहेब,” विलास म्हणाला. “दोन्हीकडची बारा-बारा फूट. बघा हवं तर मोजून.”

ते ‘मोजून’ ऐकलं आणि दोघांचे डोळे चमकले. चोर ज्याच्या हद्दीच्या जवळ उभा आहे त्याचा, असं ठरलं. “हलू नकोस रे!” असं दोघांनी त्याला बजावलं आणि टेप आणायला आपापल्या घरात गेले. पोलिसांना फोन करायचं कोणाला सुचलं नाही. आधी मालकी ठरायला हवी ना!

विलास खरंच हलला नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “मावशी, हे नेहमी असेच असतात का?”

“पूर्वी नव्हते,” मी म्हटलं.

तोवर मटिल्डा पलीकडच्या कापलेल्या तारेपाशी आली होती. चार महिन्यांनी तिला मी आमच्या वाडीतून बघत होते. वाळली होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, भेंडीकडे होतं.

“बाळा,” ती विलासला म्हणाली, “तुझ्या मागे झाडाला खिळा आहे. त्याला किल्ली आहे. ती काढ.”

चार महिने दोन घरं, दोन कॅमेरे, दोन भोंगे आणि एक गणिताचा मास्तर जे करू शकले नव्हते ते त्याने हात मागे नेऊन केलं. तो ना आमच्याकडचा, ना त्यांच्याकडचा. त्याला कोण घुसखोर म्हणणार?

किल्ली हातात धरून त्याने विचारलं, “कोणाला देऊ?”

माझ्या तोंडात आलंच होतं, मला दे म्हणून. तेरा झाडं उरली होती, त्यातली चार-पाच आज-उद्याचे सोबती. पण वार आठवला.

“आज मंगळवार आहे,” मी म्हटलं. “पाळी तिची. तिला दे.”

म्हटलं खरं, आणि तोंड फिरवून उभी राहिले. पेटी उघडल्याचा आवाज आला. पंप आधी खोकला, मग लागला. पाट कुठे जातो ते मी बघणारच नव्हते. आमच्या चाफ्यांना बुधवारपर्यंत थांबायचं होतं, आणि काही बुधवारपर्यंत थांबणार नव्हते, हे मला ठाऊक होतं.

मग माझ्या पायाला गार लागलं.

वळून बघितलं तर मटिल्डा. साडी खोचून चिखलात बसलेली, पाटाची फळी दोन्ही हातांनी उपटून त्यांच्या बाजूला बसवत होती, म्हणजे सगळं पाणी माझ्याकडे.

“अगं, पाळी तुझी आहे,” मी म्हटलं.

“माझीच आहे. मला हवं तिथे सोडीन,” ती म्हणाली. “कलम कोणाच्या झाडाचं होतं गं? माझ्याच घरचं पाणी पितायत ती.”

मी तिथेच तिच्या गळ्यात पडले. दोघी चिखलात. विलासने शर्टाची घडी उचलून कोरड्या जागी ठेवली.

हे दोघं टेप घेऊन आले तेव्हा पाणी पट्टा ओलांडून आमच्या वाडीत शिरलं होतं. हे टेपचं एक टोक धरून उभे, बॅप्टिस्टभाऊ दुसरं, आणि मधून पाट वाहतोय.

“पाणी कोणी सोडलं?” यांनी विचारलं.

“चोराने,” मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. हे पाण्यामागून चालत गेले, झाडाझाडापाशी थांबत. नऊ ठिकाणी पाणी नुसतंच जिरलं, तिथे पिणारं कोणी नव्हतं. चौकीत बसून यांनी चार महिने बॅप्टिस्टभाऊंचे डोळे बघितले होते, ही झाडं बघितलीच नव्हती. परत आले तेव्हा गळ्यातली शिट्टी खिशात गेली होती. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि झाडांना आळी करायला बसले, दुखऱ्या गुडघ्यांवर. थोड्या वेळाने बॅप्टिस्टभाऊ कापलेल्या तारेतून आत आले, पँट वर करून, आणि दुसऱ्या बाजूने आळी करायला लागले. एकमेकांशी बोलत नव्हते. पण माती एकमेकांकडे सारत होते.

विलासला मी चहा दिला आणि म्हटलं, सगळी तार ने, दोन्हीकडची, खांबांसकट. जाताना तो मला म्हणाला, “मावशी, किल्ली परत खिळ्याला लावलीय. पण अशी उघड्यावर ठेवू नका, दिवस वाईट आहेत.” हप्ते अजून चालू आहेत. केयूर म्हणतो, माल चोरीला गेला तरी हप्ता द्यावाच लागतो.

जूनमध्ये मटिल्डाने तिच्या झाडाची नऊ कलमं आणली. मेलेल्या झाडांच्या जागी मुळं होती, ती निघेनात. खड्डे कुठे खणायचे म्हणून आम्ही उभ्या होतो, तर खड्डे तयारच होते. खांबांचे. चांगले दीड-दीड फूट खोल, एका ओळीत, हद्दीपासून दोन पावलांवर. नऊ कलमं नऊ खड्ड्यांत बसली. बॅप्टिस्टभाऊ माती लोटत होते, हे मागे उभं राहून एक डोळा मिटून बघत होते.

“रांग सरळ आलीय,” हे म्हणाले.

“येणारच,” मी म्हटलं. “तेरा पैसे पडलेत तिला.”

यांनी मान खाली घातली, आणि कळशी उचलून पहिल्या कलमाला पाणी घातलं.